पहिलं वजन

"बाई, पिशवी सरकवा जराशी."
"पारशिवनीची लागली का गा?"
"रुमाल टाकला हाय तिथं, जागा आमची हाय!"
"पहिलं वजन सोडून द्यायचं, एवढंच लिहिलं होतं रुपरावभाऊनं."

हे शेवटचं भावना बोलली. नागपूरच्या बसस्थानकावर ती आणि धम्मदीप उमरेडच्या बसची वाट पाहत होते. बाळांचं वजन करणारा काटा संगणकाशी ज्या प्रोग्रामनं बोलतो, तो ड्रायव्हर मुळात त्यांच्या ऑफिसातल्या रुपरावांनी लिहिलेला; त्यात बदल करायचं दोघांचं काम.

"मंग तू ती ओळ काहून खोडली वं?"
"फालतू वाटली. आलेलं वजन कोणी सोडून देते का?"
"तो काटा झोपेतून उठला का पहिल्यांदा कमीच दाखवते. रुपरावभाऊले माहीत होतं."
"मले नव्हतं ना गा!"
"एका धडधाकट बाळाले दोन दिवस काचेच्या पेटीत ठेवलं."
"माहीत आहे. त्याची आई दारातच बसून होती."
"अन् ड्रायव्हरवर नाव रुपरावभाऊचं. साहेबानं त्याईलेच काढलं."
"मी सांगणार होती साहेबाले."
"कधी? चार महिने झाले."

बाकावरची म्हातारी वळली.

"त्याईच्याच घरी चालली का वं पोरी?"
"हो मावशी."
"काय सांगशीन?"
"मीच खोडली म्हणून सांगीन."
"अन् साहेबाले?"

भावनानं पिशवी उचलली. बस लागली, तशी ती धम्मदीपच्या मागे चढली.

ती ओळ खोडली तेव्हा रुपराव शेजारच्याच टेबलावर बसले होते, आणि तिनं त्यांना विचारलं नव्हतं.