युसूफ टेलरच्या घरचा पडदा

चहा गार होऊ द्या, आधी युसूफ टेलरच्या पडद्याचं ऐका. जठारपेठेत त्याच्या पोरीनं, सलमानं, उन्हावर वीज बनवणाऱ्या पट्ट्या पडद्यावर शिवल्या अन् तो खिडकीबाहेर लावला. युसूफ म्हणे, "याच्यावर टेबलपंखा फिरला तं अमरावतीले कॉलेजात जाय, नाही तं शिलाई मशीनवर बस."

भर उन्हात पंखा हलेना. पोरगी रडकुंडीले आली. मी म्हटलं, "युसूफ, पडदाबी लोडशेडिंगवर गेला काय रे?"

बाहेर जाऊन पायतो, तं पडद्यावर जुनी चादर! सलमाची अम्मी म्हणे, "मीच टाकली, काका. उन्हानं नव्या पडद्याचा रंग उडते ना!"

चादर ओढली अन् पंखा भरकन फिरला.

पोरगी आता अमरावतीत शिकून राहिली. अम्मी मात्र माह्या धोतराकडे पाहून म्हणते, "काका, एवढं कापड बिना पट्ट्यांचं उन्हात फुकट फिरवून राहिले तुमी!"