चार बोटं जास्तीची

"अहो, भिंतीतून काय येताय? दारातून या ना!"

तुम्हाला सांगतो, आयुष्यात पहिल्यांदाच कोणी मला भिंतीतून आलो म्हणून झापलं, आणि ते कोणी, तर माझ्या बायकोनं, आणि भिंत कुठे होती? कुठेच नव्हती! गच्ची होती, गच्चीवर खडूची रेघ होती, आणि रेघेपलीकडे आमची ही कमरेवर हात ठेवून उभी... मी गुपचूप मागे फिरलो, रेघेच्या कडेकडेनं चालत गेलो, जिथे रेघेला फट होती तिथे थांबलो, चपला काढल्या आणि आत शिरलो. बायको म्हणते भिंत आहे, तर भिंत आहे. माझं काही म्हणणं नाही!

नाही, थांबा, पहिल्यापासून सांगतो. एवढे मटार सोलून होईपर्यंत सांगून होईल. तुम्ही नवं घर बघायला आलात ना, मग घराची कूळकथा नको का ऐकायला? तर आमची जुनी बिल्डिंग. जिन्यात हात लावाल तिथे प्लास्टर हातात यायचं. न्हाणीघरात आम्ही आंघोळ केली की खालच्यांची पण होऊन जायची. ती पाडून नवी बांधायची असं ठरलं, बिल्डर मिळाला, आर्किटेक्ट बाई आल्या, नकाशा आला आणि आमच्या सेक्रेटरीनं तो जिन्याखाली भिंतीला डकवला. आता नकाशा बघून कोणाला काय कळतंय हो? सेक्रेटरी तासभर समजावत होता, "हा हॉल, ही बेडरूम, इथे तुम्ही ऐसपैस झोपायचं..." शेवटी आर्किटेक्ट बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही उलटा लावलाय. ते टॉयलेट आहे."

झालं! सह्या करायला कोणी पुढे येईना. एक म्हणे घर लहान वाटतंय, दुसरा म्हणे अंधारं वाटतंय. मला विचारलं तर मला एकच गोष्ट हवी होती, गॅलरी. खुर्ची टाकायची, पाय सोडायचे, चहाचा कप कठड्यावर ठेवायचा आणि खालची वर्दळ बघत बसायचं. जन्मभर जुन्या घरात कपाट आणि खिडकीच्या मध्ये अंग चोरून बसलो हो मी! पण मला विचारलं का कोणी? नाही. आणि न विचारता बोलण्याची आपल्याला सवय नाही. माझं काही म्हणणं नाही!

तेवढ्यात तळमजल्यावरचे टेलरमास्तर उठले. गळ्यात टेप, कानावर खडू. म्हणाले, "कापड कागदावर बघून कळतं का? अंगावर घालून बघावं लागतं. चला गच्चीवर, घर घालून बघू!"

काय डोकं हो! सगळी घरं एका मापाची, म्हणजे एकच आखायचं आणि सगळ्यांनी बघायचं. सगळी बिल्डिंग गच्चीवर. आर्किटेक्ट बाईंचा नकाशा एका हातात, दुसऱ्या हातात टेप, आणि मास्तर गुडघ्यावर रांगत, "हं, हॉलची लांबी... जरा सरका ताई, तुमचा पाय खांद्यात येतोय... हं, बेडरूमचा घेर..." संध्याकाळपर्यंत अख्खं घर फरशीवर तयार!

आणि घर बघितलं तर... मोठं! अहो, चांगलं ऐसपैस! लोक वेडे झाले. रोज संध्याकाळी पाळीपाळीनं कुटुंबं वर यायची आणि राहून बघायची. सेक्रेटरी सहकुटुंब येऊन बेडरूममध्ये चटईवर आडवा होऊन गेला. आमची ही ओट्याच्या रेघेपुढे उभी राहून हवेत भाजी परतायची, आणि मी मध्ये आलो की, "अहो, अंगावर तेल उडेल!" आणि मी... मी घडीची खुर्ची नेली, गॅलरीच्या रेघांमध्ये टाकली, बसलो, पाय सोडले. मावले हो पाय! तळव्यांपुढे आणखी वीतभर जागा! तुम्हाला सांगतो, इतका आनंद मला लग्नात... जाऊ दे, आत ऐकू जाईल.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या सह्या. माझी सगळ्यात आधी.

मग आर्किटेक्ट बाई आल्या, सहज म्हणून गच्चीवर गेल्या, टेप लावला, परत लावला, चष्मा पुसला, परत लावला. म्हणाल्या, "हे घर कुणाचं?"

"आमचं!" सगळी बिल्डिंग एका सुरात.

"अहो, पण हे माझ्या नकाशापेक्षा मोठं आहे. प्रत्येक खोली सगळ्या बाजूंनी चार चार बोटं जास्त आहे!"

सगळ्यांच्या माना मास्तरांकडे. मास्तर शांत. म्हणाले, "मग? माया नको का सोडायला?"

"कसली माया?"

"अहो बाई, शिवणीची! कापड बरोबर मापात कापतं का कोणी? चार बोटं माया सोडावी. उद्या माणूस अंगानं सुटला की उसवायचं आणि वाढवायचं!"

"मास्तर, भिंत उसवता येत नाही हो!"

"का? घरात माणसं वाढत नाहीत?"

बाई खालीच बसल्या. हॉलमध्ये. मास्तरांवर ओरडणार कोण? उभ्या जन्मात बिनमायेचं माप त्या माणसानं घेतलं नव्हतं, सवयीनं हात चार बोटं पुढे जाणारच! पण आता लोक हट्टाला पेटले. आम्ही राहून बघितलंय, आता एक बोट मागे सरणार नाही. सेक्रेटरी तर म्हणाला, "माझी त्या बेडरूममध्ये झोप झालीय!" म्हणजे कब्जाच झाला की!

शेवटी बाईंनी तोडगा काढला. बाहेरची चौकट नकाशाप्रमाणे, तिला हात लावायचा नाही. आतल्या भिंती तुम्ही आपसात ठरवून सरकवा. रविवारी सकाळी येईन, गच्चीवर जे असेल ते मापून नेईन, तेच सगळ्यांचं घर, मग रडायचं नाही.

आणि बैठक बसली. बेडरूम कमी करायची? "नाही!" हॉल? "पाहुणे काय जिन्यात बसवायचे?" स्वयंपाकघर? तिथे तर सगळ्या बायकांचा मोर्चा, आणि मोर्च्याच्या पुढे आमची ही, "ओट्याला हात लावाल तर याद राखा!" मग उरलं काय? सगळ्या खोल्यांनी चार चार बोटं धरून ठेवली, ती कुणाच्या तरी अंगातून जाणार ना? गेली. गॅलरीच्या. मास्तरांनी नवी रेघ मारली आणि माझी गॅलरी उरली एवढीशी, मनगटाएवढी पट्टी! खुर्ची ठेवा नाहीतर पाय ठेवा. सेक्रेटरीनं विचारलं, "कुणाची काही हरकत?" मी तोंड उघडलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं... माझं काही म्हणणं नाही!

शनिवारी संध्याकाळी मी एकटाच गच्चीवर गेलो. म्हटलं, शेवटचं एकदा बसून घ्यावं. खुर्ची टाकली. बसलो. पाय सोडले, आणि खरं सांगतो, वाईट वाटलं. हसाल तुम्ही, खडूच्या गॅलरीसाठी कोणी डोळे पुसतं का? पण पुसले.

मागून आवाज. "अहो, भिंतीवर बसलाय तुम्ही!"

बघतो तर खरंच, खुर्चीचे मागचे दोन पाय नव्या रेघेवर, अर्धा मी स्वयंपाकघरात. उठलो. खुर्ची घडी केली. ही माझ्याकडे बघतेय, मी खुर्चीकडे बघतोय. म्हणाली, "एवढं होतं तर बैठकीत बोलायला काय झालं होतं? तोंडात मटार धरले होते?"

मी खुर्ची काखेत मारली.

तर तुम्हाला सांगतो, तिनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, चपलेनं ती रेघ पुसली, साफ पुसली, मास्तरांचा खडू कठड्यावर होता तो घेतला, आणि नवी भिंत मारली कुठे? तिच्या स्वयंपाकघरात! चांगली हातभर आत! ज्या ओट्यासाठी सगळ्यांशी भांडली, तो ओटा स्वतःच्या हातानं कापला हो तिनं! म्हणाली, "बसा आता. आणि तोंड उघडलंत कुणापाशी, तर बघा."

मला भरून आलं. आपल्यासाठी कोणी असं काही केलेलंच नाही कधी.

रविवारी बाई आल्या, मापलं, "वा, छान जमवलंत," म्हणाल्या आणि गेल्या. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. मास्तरांच्या आलं असावं, पण ते खडू कानावर ठेवून खाली निघून गेले.

बिल्डिंग उभी राहिली, किल्ल्या मिळाल्या, आणि मग प्रत्येक घरातून एकच आरोळी... "ओटा एवढाच?!"

कारण घरं सगळी एका मापाची ना! म्हणजे अख्ख्या बिल्डिंगचा ओटा आमच्या हिनं कापलेला! त्यावर शेगडी मावते आणि एक पातेलं मावतं. बाकीचं, निवडणं, चिरणं, सोलणं, कुठे करायचं? गॅलरीत. कुणी करायचं? आता गॅलरीत खुर्ची टाकून आयता कोण बसलेला असतो?

जरा या इकडे, कठड्याशी. हळू, आत आहे ती. वाका आणि खाली बघा. तो दिसतोय घेवड्याच्या शिरा काढताना, तो आमचा सेक्रेटरी. त्याच्या खालचा लसूण सोलतोय. सगळ्यात खाली टेलरमास्तर, कोथिंबीर निवडतायत, आणि बघा, देठाला चार बोटं ठेवूनच तोडतायत! परवा सेक्रेटरीनं वर मान करून ओरडून विचारलं, "ओ, ही गॅलरी एवढी मोठी केली कुणी हो? एकदा सापडू दे मला!" सगळ्या गॅलऱ्यांतून माना वर, माझ्याकडे.

मी मटाराची शेंग फोडली आणि म्हटलं, "माझं काही म्हणणं नाही!"

...काय गं? हो, होत आले. आण ती दुसरी पिशवी.