फक्त दाखवणारा फोन

आमचं लग्न जमलं ते मामाच्या फोनमुळे, खोटं वाटेल तुम्हाला. बाबा रेल्वेत, म्हणून आम्ही जयपूरला. अकोल्याचं एक स्थळ आलं होतं. त्यांच्याकडे आधीच दोन मुलींचे फोटो येऊन पडले होते आणि संध्याकाळी ते काय ते ठरवणार होते. माझा फोटो त्याआधी पोचायला हवा होता. मामा नेमका अमेरिकेहून तेव्हा नवाच निघालेला बिनबटणांचा फोन घेऊन आलेला. "स्टुडिओ कशाला?" म्हणत त्याने गच्चीवर माझा फोटो काढला. छान आला. पण त्या फोनमधून एमएमएस जाईना आणि इथल्या सिमवर नेट लागेना.

राजा पार्कमधल्या मोबाइलवाल्या भैयाने ब्लूटूथ लावून पाहिलं आणि म्हणाला, "भाईसाब, ये फोटो दिखाएगा, देगा नहीं."

"अरे, पण केवढा महाग आहे तो," मामा आपला मराठीतच पुटपुटत राहिला.

"आप बस सीधा पकड़े रहिए," म्हणत भैयाने स्वतःच्या साध्या फोनवर मामाच्या फोनचाच फोटो काढला आणि अकोल्याच्या मुलाच्या मोबाइलवर पाठवून दिला.

तासाभरात निरोप आला, मुलगा रविवारी बघायला येतोय. आई हरखली. रविवारी मी पोहे घेऊन बाहेर आले, तर तो मामाला विचारत होता, "काका, जरा तो फोन बघू?"

अजूनही कुणी विचारलं, फोटो बघून आलात का, तर हे शांतपणे सांगतात, "फोटो फोनचा आला होता. त्यात ही होती."