कढई कुणाची?

औषधांच्या दुकानात रांगेतल्या वेल्माबाईंच्या पुढे दोन म्हातारे बोलत होते.

"ऐकलंस का, मर्ल? शेजारचं कॉलेज आपली लीग सोडून किनारपट्टीच्या लीगमध्ये चाललंय."

"कॅन्ससला समुद्र आला वाटतं!"

"टीव्हीचा पैसा आला, की समुद्रही येतो बाबा."

"आणि आपली पोरं खेळणार कुणाशी?"

"मक्याच्या कणसांशी! त्यांनी कुस्तीचा संघ तर बंदच केला."

"मग दरवर्षीची कढईची मॅच?"

"संपली. जिंकेल त्याने वर्षभर कढई ठेवायची ना? गेल्या वर्षी ते जिंकले. आता कायमची त्यांची."

वेल्माबाईंनी मर्लच्या खांद्यावर हळूच काठी टेकवली.

"ती कढई माझ्या आईची आहे. छप्पन्न साली पोरांनी एका मॅचपुरती मागून नेली होती. आमचा सफरचंदाचा मुरंबा अजून व्हायचाय."