नवमीची पेटी

गोवंडे : मिस्त्री, पुन्हा एकदा विचारतो. नवमीच्या रात्री गिरणीला आग लागली तेव्हा तुमची हत्यारं कुठं होती?

कोंडाजी : शेडात. गिरणीच्याच शेडात, कामावर. तुमच्या कागदावर तसंच लिवलंय की, गोवंडेसायेब.

सगुणाबाई : शेडात? अवो, काय बोलताय? सायेब, ह्यांची हत्यारं घरातच हाईत. ती काय देवापुढं पेटी.

कोंडाजी : तू आत जा. च्या ठेव सायबांना.

सगुणाबाई : च्या ठिवलाय कवाच. खंडेनवमीला म्या सोता कुंकू लावलं पेटीला. माळ बांधली झेंडूची. अजून तशीच हाय, बघा.

गोवंडे : बाई, थांबा जरा. तुम्हाला ठाऊक नाही का मी कशासाठी आलोय ते?

सगुणाबाई : न्हाई बा. म्हणले, पुण्याचे विम्याचे सायेब हाईत. मला वाटलं हैबतरावांच्या गिरणीचं काय इचारायचं आसंल.

गोवंडे : गिरणीचं आहेच. पण गिरणीबरोबर मी तुमच्या यजमानांच्या हत्यारांचाही विमा उतरवला होता. त्यांनी कंपनीला कळवलंय की सगळी हत्यारं आगीत गेली, तर भरपाई द्या.

सगुणाबाई : गेली? अवो, काय म्हणत्यात हे?

कोंडाजी : तुला आत जा म्हणलं ना.

सगुणाबाई : म्हणून दसऱ्यापासनं घरात बसलाय व्हय? मला म्हणलात कंबर धरलीय. म्या रोज तेल चोळतीया कंबरंला.

गोवंडे : मिस्त्री, मला पौडहून परतीची एस.टी. गाठायची आहे, तेव्हा स्पष्टच बोलतो. नवमीला कोणता कारागीर हत्यारं कामावर ठेवतो? गेणबा लोहार घरी घेऊन गेला. भैरू गवंड्यानं थापी आणि ओळंबासुद्धा घरी नेला. शेडमध्ये कोणाचं काही नव्हतं. तुमचंच तेवढं राहिलं?

कोंडाजी : राहिलं.

गोवंडे : आणि इथं देवापुढं तुमची पेटी आहे. माळ घातलेली.

कोंडाजी : राखंतनं पाती काढली न्हवं? करवतीचं, रंध्याचं, वाकसाचं. आगीनं पोलादाचं पाणी उतरून वाकडी झाल्याली. हैबतरावांनी दावली तुमाला.

गोवंडे : दाखवली. पण जुनी, मोडकी पाती आधी शेडमध्ये टाकायची आणि चांगली घरी आणायची, हे मी दुसऱ्या ठिकाणी पाहिलंय. पानशेतच्या पुरापासून वरचे साहेब प्रत्येक गोष्ट दोनदा विचारतात. आणि इथं उरवड्यात गावातले लोक काय बोलतायत ते तुमच्या कानावर आलंच असेल.

कोंडाजी : आलंय.

सगुणाबाई : काय बोलत्यात?

गोवंडे : की विम्यासाठी यांनीच आग लावली.

सगुणाबाई : जीभ झडो त्यांची. गिरणी कशानं पेटली ते सगळ्यांनी बघितलंय. इंजनाची पूजा केली, समई तशीच ठिवली, आन् बाजूला तुसाचा ढीग. ह्यांचा काय संबंध?

गोवंडे : मलाही तसंच वाटत होतं, बाई. तुमची पेटी दिसेपर्यंत. मिस्त्री, पेटी उघडा.

कोंडाजी : न्हाई.

गोवंडे : मग मला लिहावं लागेल की हत्यारं घरी असताना तुम्ही खोटी भरपाई मागितलीत. त्यापुढचं पोलीस बघतील.

सगुणाबाई : उघडा की. किल्ली तुमच्या करदोट्याला हाय. हत्यारं निघाली तर चूक झाली म्हणा, पाया पडू सायबांच्या. आसं का बसलाय?

कोंडाजी : हिला परड्यात जाऊ द्या, सायेब. मग उघडतो.

गोवंडे : नाही. बाई इथंच थांबतील.

सगुणाबाई : म्या कुटं जात न्हाई. माज्यापासनं काय लपवायचंय तुमाला?

कोंडाजी : बरं. घे. माळ तूच सोड.

सगुणाबाई : सुटत न्हाई. वाळून घट्ट बसलीय. तोडतेच.

(कुलूप निघतं. सगुणाबाई झाकण उघडते.)

सगुणाबाई : ही तर लाकडं हाईत.

कोंडाजी : व्हय.

सगुणाबाई : ठोकळे हाईत नुसते. हत्यारं कुटं हाईत?

कोंडाजी : शेडात व्हती. जळाली. मगाधरनं तेच सांगतुया.

सगुणाबाई : मग म्या पूजा कशाची केली?

कोंडाजी : झाकण लाव आधी.

सगुणाबाई : बोला की. नवरात्र उपाशी काढलं म्या. आळीतल्या बायका आल्या व्हत्या ओवाळायला. सगळ्यांदेखत पदर पसरून मागितलं, ह्यांच्या हाताला यश दे. ह्या ठोकळ्यांपुढं? लाज न्हाई वाटली तुमाला बाजूला हुबं राहून बघताना?

कोंडाजी : वाटली. लई वाटली. पण त्यापरीस भ्या जास्ती व्हतं. गेल्या साली गेणबाचं घर फुटलं, आठवतंय न्हवं? दसऱ्याला सोनं लुटायला गेला आन् मागं चोरांनी ऐरण तेवढी ठिवली. त्या रातीला हत्यारं कारागिराच्या घरात असत्यात, हे चोराला बी ठावं हाय. गेणबा आजून दुसऱ्याचा घण मागून मारतोय. पुण्यासनं नवी करवत आणली, रंधा आणला, त्यापायी तुज्या पाटल्या मोडल्या. म्हणलं, घरी न्यायची न्हाईत.

गोवंडे : मग मला विचारायचं होतं.

कोंडाजी : इचारलं व्हतं, सायेब. तुमीच सांगितलं. हत्यारं शेडात असतील तवर इमा. एक रात जरी घरी नेली, तर कंपनीचा संबंध न्हाई. म्हणला व्हता का न्हाई?

गोवंडे : म्हटलं होतं. पण सणाचा दिवस माझ्या ध्यानात नव्हता.

कोंडाजी : माज्या व्हता. म्हणून रिकामी पेटी आणली. हलकी लागू नये म्हणून ठोकळे भरले. हिला म्हणलं, धार लावलीय, झाकण उघडू नगं.

गोवंडे : हे मला पटतंय, पण वरच्या साहेबांना पटायला हवं. ते म्हणतील, मी येणार हे कळल्यावर तुम्ही ठोकळे भरलेत आणि हत्यारं दुसरीकडं हलवलीत. कोणी पाहिलं का नवमीला पेटीत काय होतं?

कोंडाजी : कुणी न्हाई.

गोवंडे : बाई, तुम्ही पेटी हातात घेतली होती?

कोंडाजी : तिला नका इचारू. तिला काय ठावं?

सगुणाबाई : घेतली व्हती. पाटावर म्याच ठिवली.

गोवंडे : मग?

सगुणाबाई : वाजली न्हाई.

गोवंडे : म्हणजे?

सगुणाबाई : हे रोज सांजच्याला आळीत शिरले की पेटी खणखणती. ती ऐकली की म्या चुलीवर तवा टाकती. त्या दिशी वाजली न्हाई. हे दारात आले तरी तवा खालीच. उचलून ठिवली तवा बी वाजली न्हाई. मला वाटलं, धार लावलीय म्हणून चिंध्यांत गुंडाळली असतील.

गोवंडे : आणि त्यानंतर उघडली नाही कोणी?

सगुणाबाई : माळ झाकणावरनं फिरवून म्या बांधली व्हती. नवमीची माळ हाय, फुलं बघा. ती आत्ता तुमच्यादेखत तुटली. तिच्याखालनं कुणाला झाकण उघडता येतंय?

गोवंडे : नाही. खरंच नाही येत. बाई, हे सगळं लिहून घेतो, तुम्ही अंगठा द्याल? पण आधीच सांगतो, हे हैबतराव आणि पाटलांपुढं चावडीवर वाचावं लागेल.

सगुणाबाई : म्हंजी सगळ्या गावाला कळनार. सुताराच्या बायकूनं नवमीला लाकडं पूजली.

गोवंडे : हो. कळणार.

कोंडाजी : नगं. आंगठा देऊ नगंस. तुला बायका पाणवठ्यावर हुबं करनार न्हाईत. म्या खडी फोडाया जाईन.

सगुणाबाई : तुमी गप बसा. खडी फोडनाऱ्याला दिली न्हवती माज्या बापानं मला. सायेब, कुटं हाय शाई?

गोवंडे : इथं. डावा अंगठा. हं, झालं. निघतो मी, बाई. तेवढा चहा राहिला.

सगुणाबाई : उकळून गेला त्यो.

कोंडाजी : वेशीपत्तुर येतो, सायेब.

गोवंडे : नको. तुम्ही घरात थांबा.

कोंडाजी : गेले. आगं, ऐक.

सगुणाबाई : माज्यासंगं बोलू नका आज.

कोंडाजी : बरं.

सगुणाबाई : ह्या लाकडांचं काय करायचं?

कोंडाजी : चुलीत घाल. तोंड बी बघू वाटत न्हाई.

सगुणाबाई : हात जोडलेत म्या ह्येंला. चुलीत कशी घालू?

कोंडाजी : मग वढ्यात सोडून येतो.

सगुणाबाई : लाकूड कंचं हाय?

कोंडाजी : बाभळ. जुनी, पक्की वाळल्याली.

सगुणाबाई : बाभळीचे दांडे व्हत्यात न्हवं हत्याराला?

कोंडाजी : व्हत्यात. बाभळीचेच घालत्यात.

सगुणाबाई : मग नवी हत्यारं आली की त्येंला ह्येचेच घाला.