तबिथानं हात पुढं केला नाही

मंडळी, ऐका! झांजा जरा खाली ठेवा. आजचा प्रश्न सोपा दिसतो, म्हणूनच अवघड आहे. चर्चमध्ये एखादं लेकरू म्हणालं, "मला ह्या माणसाची भीती वाटते" — आणि तो माणूस पुढच्या बाकावरचा, आपलाच निघाला — तर आधी काय सांभाळायचं? लेकरू, की मंडळीचं नाव?

लेकरू! बघा, कसे एका सुरात बोललात! थांबा. गोष्ट झाल्यावर पुन्हा विचारतो.

बोरसर गावात पाळक होते शांतवन साळवे. भांडण मिटवावं तर शांतवनरावांनीच! बांधावरून डोकी फुटलेले भाऊ असोत, नाहीतर सासूचं तोंड न बघणारी सून — प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी दोघांना चर्चमध्ये समोरासमोर उभं करायचे. "हात पुढं करा!" झाला समेट! मग चहा. भांडण कधीकधी घरी गेल्यावर पुन्हा सुरू व्हायचं — पण ते पाळकांना कोण सांगणार?

एकदा मंजुळाबाई आल्या. त्यांची तबिथा बारा वर्षांची, चर्चमध्ये पेटी शिकायची. "साहेब, पोरगी पेटीजवळ जाईना. भास्करमास्तर सगळ्यांना सोडत्यात अन् हिलाच मागं ठेवत्यात. नको तिथं हात लावत्यात, म्हणती."

भास्करमास्तर! नाताळची गाणी त्यांनी बसवलेली, पाळकांच्या लग्नात पेटी त्यांनीच वाजवलेली! पण माणूस करतो काय? जे येतं, तेच करतो. "शनिवारी दोघांना घेऊन बसू," पाळक म्हणाले. "गैरसमज असेल, मिटेल."

त्यांच्या पत्नी शालिनीबाई म्हणाल्या, "अहो, हे भांडण आहे का? पोरगी कुठं भांडली कुणाशी?"

पाळकांनी ऐकलं — आणि समेटासाठी चर्चमध्ये सतरंजी अंथरली!

शनिवारी मास्तर आले. इस्त्रीचा सदरा, डोळ्यांत पाणी. "लेकीसारखी आहे हो मला!" तबिथा आईला चिकटून उभी, दोन्ही हात पाठीमागं. पाळक मायेनं म्हणाले — मायेनंच, बरं का — "बाळ, घाबरू नको. हात पुढं कर."

पोरगी म्हणाली, "मास्तरपण असंच म्हणायचे."

झालं! शांतवनरावांना तोंड लपवायला जागा उरली नाही. लेकराला त्या माणसासमोर आणून उभं कोणी केलं होतं? त्यांनीच!

"शालिनी, ह्या दोघींना घरात ने. मास्तर, चर्चची किल्ली द्या. पोरांच्या आसपास दिसू नका." सतरंजीवर बसलेले मंडळीचे पंच उठून पुढं धावले. "साहेब, मंडळीचं नाव जाईल! आधी आपसांत चौकशी करू!"

"चौकशी पोलीस करतील," पाळक म्हणाले. "माझी चौकशी आत्ताच बघितलीत ना?" आणि मायलेकींना घेऊन ते पोलीस ठाण्यात गेले.

पुढं काय? खटला उभा राहिला. काही घरांनी चर्च सोडलं. नाताळात पेटी वाजली नाही. तबिथा मात्र आली. मागच्या बाकावर, दाराजवळ बसली.

आता सांगा — लेकरू की नाव? का हो, आता एकमेकांकडं काय बघताय?

शांतवनराव वाईट होते का? मुळीच नाही! तयारी नव्हती. प्रसंग आला तेव्हा हाताशी जुनी रीत होती, तीच त्यांनी लेकरावर चालवली. तुमची तयारी आहे? उद्या इथलं पोर घाबरलं तर जाईल कुणाकडं? पाळकांकडं? आणि पाळकांनाच घाबरत असेल तर? हसू नका! पोरांबरोबर बंद दाराआड एकटं कोण बसतं? पोलिसांत कोण जाणार? ठरलंय काही?

शेवटचं भजन मी थांबवून ठेवलंय. झांजा खालीच राहू द्या. पोरांनी ज्यांच्याकडं जायचं, अशा दोन बायांची नावं आधी सांगा. मोठ्यानं सांगा — पोरं ऐकताहेत.