लखलखत्या इंटरकूलरची फिर्याद

मी, रोलांड विक्सेल, वय ५७ वर्षे, व्यवसाय नगरपालिकेच्या मलनिस्सारण विभागात पर्यवेक्षक, राहणार लिलहेडेन, जुन्या डेअरीच्या मागे, आज पोलीस ठाण्यात स्वतः उपस्थित होऊन, कोणाच्याही दडपणाविना आणि पत्नीने "नका जाऊ, हसं होईल" असे सांगितले असतानाही, अंमलदार श्रीमती यानेट फोर्समो यांच्यासमोर जबाब देतो की,

मी लिलहेडेन मोटार मंडळाचा परवानाधारक चालक असून दर उन्हाळ्यात आमच्या खडीच्या रिंगणात गाडी पळवतो. माझा क्रमांक शेवटून मोजणे सोयीचे पडते. मंडळाचा नियम अंमलदारांना ज्ञात आहे, कारण त्याही परवानाधारक आहेत. तथापि नोंदीसाठी सांगतो. शर्यत संपली की मैदानातील प्रत्येक गाडी एकाच ठरावीक किमतीस विक्रीला निघाली असे समजतात. ज्याला जी हवी तिच्यासाठी त्याने चिठ्ठी टाकावी. चिठ्ठ्या अनेक आल्यास हेल्मेटमधून एक उचलावी. मालकाने नकार दिल्यास त्याचा परवाना जावा. हेतू उदात्त आहे: कोणी गाडीवर पैसा ओतू नये आणि सर्वांनी समान दरिद्री यंत्रांत बसून समान धूळ खावी. परिणाम असा, की आमच्या गावात उत्तम गाडी घडवण्यापेक्षा उत्तम गाडी भिकार दिसेल अशी तजवीज करणे ही श्रेष्ठ विद्या मानली जाते.

या विद्येचे आचार्य म्हणजे कोनी ओसबेरी, माझी धाकटी बहीण अन्नेली हिचे यजमान. त्यांच्याकडे टर्बोच्या दोन गाड्या होत्या. चिखलाने लिंपलेली तपकिरी ते स्वतः चालवीत. निळी त्यांची कन्या टिंड्रा चालवी. या उन्हाळ्यात निळीच्या नाकावर चर्चच्या खिडकीएवढा लखलखता इंटरकूलर अवतीर्ण झाला. टर्बो इंजिनात हवा कोंबतो, कोंबलेली हवा तापते, तापलेली हवा विरळ होते आणि विरळ हवेवर इंजिन अर्धपोटी राहते; म्हणून वाटेत ती हवा थंड करणारे हे यंत्र. मलाही पुढील हंगामात टर्बो घ्यायचा असल्याने ते वाऱ्याने थंड होणारे निवडावे की पाण्याने, असा प्रश्न मी ऑगस्टमध्ये त्यांच्याच घरी झिंग्यांच्या मेजवानीत कोनींना विचारला.

या मेजवानीत प्रथेप्रमाणे घालायची कागदी टोपी सावरीत कोनी म्हणाले, "रोलांडदादा, तू गटारं बघतोस, तुला पाणीच सुचणार. पाण्याचा म्हटलं की पंप आला, टाकी आली, नळ्या आल्या. वारा फुकट आहे. नाकावर भलामोठा लाव आणि गप्प बस."

अन्नेली म्हणाली, "ह्यांना सगळं भलंमोठंच लागतं, दादा. फ्रीज असाच आणलाय, दारातून आत जाईना. पडवीत उभाय."

टिंड्रा झिंगा सोलत म्हणाली, "मामा, नाकावर खडी बसते. दोन शर्यतींत चेपतो तो."

"तू खा गं," कोनी म्हणाले.

टिंड्राचे विधान मी विचारात घेतले नाही, कारण ते बावीस वर्षांच्या मुलीने केलेले होते.

त्यानंतरच्या शर्यतीत तपकिरी पहिली व निळी दुसरी आली. मंडळात सर्वानुमते निष्कर्ष निघाला, की बापाचे यश अनुभवाचे आणि लेकीचे यश इंटरकूलरचे. निळीवर जवळजवळ सर्व सभासदांच्या चिठ्ठ्या पडल्या, तपकिरीवर एकही नाही. सौद्यापूर्वी बॉनेट उघडणे आमच्याकडे असभ्य समजतात, त्यातून हाव दिसते. हेल्मेटमधून माझे नाव निघाले. कोनींनी डोळे पुसले व म्हणाले, "ने बाबा. घरातच राहिली म्हणायची." ते अश्रू मी त्या वेळी दुःखाचे समजलो.

घरी बॉनेट उघडले असता आढळले, की सदर इंटरकूलर बंपरला तारेने बांधलेला असून त्याची दोन्ही तोंडे राखाडी लोकरी मोज्यांनी बुजवलेली आहेत. मोजे माझ्या बहिणीच्या हातचे आहेत. तशीच जोडी मला नाताळात मिळाली आहे. टर्बोची तप्त हवा कोठेही न थांबता इंजिनात जाते. खाणीच्या रस्त्यावर चाचणी घेतली तेव्हा इंजिन थोड्याच अंतरावर खोकू लागले आणि गवत वाहणारा एक ट्रॅक्टर मला ओलांडून गेला. चालकाने सौजन्याने हात केला.

मी जाब विचारण्यास कोनींच्या गोठ्यात गेलो. तपकिरी गाडी उघडीच होती. तिच्या डिकीत मासेमारीच्या जाळ्याखाली बर्फ भरलेली पाण्याची टाकी आणि इंजिनाला चिकटून एक छोटा, कुरूप, पाण्याने थंड होणारा इंटरकूलर होता.

"हा काय प्रकार आहे, कोनी?"

"कुठला? निळीचा जोडलाय असं मी कधी म्हटलं? तू विचारलंस का?"

विचारले नव्हते. सबब मी फसवणुकीची फिर्याद देण्यास येथे आलो.

अंमलदारांनी विचारले, "मग मोजे कोंबलेली गाडी दुसरी आली कशी?"

मी सांगितले, की कोनींनी मागच्यांना अडवले असणार.

"पहिले येता येता? मागे वळून?" अंमलदार म्हणाल्या. "विक्सेल, गाडी मेलेली होती. पोरीनं ती दुसरी आणली."

हे वाक्य नोंदवू नये अशी मी विनंती केली. ते नोंदवण्यात आले.

तथापि जबाब देत असतानाच माझ्या असे ध्यानी आले, की फिर्याद झाल्यास तपास होईल आणि तपास झाल्यास मोजे सर्वांना कळतील. येत्या रविवारी हंगामाची अखेरची शर्यत आहे. निळी तेथे लखलखत उभी राहिली तर साऱ्या चिठ्ठ्या तिच्यावर पडतील. तपकिरीवर एकच पडेल, माझी. कोनींना गाडी तरी द्यावी लागेल किंवा परवाना तरी. अन्नेलीच्या घरी यापुढे मेजवानीत टोपी घालून कोण बोलेल, हा प्रश्न त्यातून निकाली निघेल. म्हणून मी फिर्याद मागे घेत आहे व सदर कागद सोमवारपर्यंत कपाटात ठेवावा अशी प्रार्थना आहे. निळीचा इंटरकूलर मी आज सकाळी पुन्हा घासून पुसून ठेवला आहे.

अंमलदारांनी विचारले, "तपकिरी मिळाली तर चालवणार कोण?"

"मी," असे उत्तर दिले.

अंमलदारांनी ते उत्तर लिहून त्याखाली रेघ ओढली.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी बोललो तसाच उतरला आहे. शेवटचे उत्तर बदलायचे आहे का, असे दोनदा विचारण्यात आले. मी ते कायम ठेवले. त्यानंतर अंमलदारांनी माझ्याकडे टिंड्राचा फोन नंबर मागितला. तिची गाडी विकली गेल्याने ती रविवारी रिकामी आहे आणि त्यांना त्यांच्या गाडीसाठी चालक हवा आहे, असे त्या म्हणाल्या. नंबर दिला. या बाबीचा प्रस्तुत प्रकरणाशी काही संबंध नसल्याने मी खाली सही करीत आहे.

रोलांड विक्सेल